बिल्टीच्या सॉफ्टवेअरला पहिली दहा गिऱ्हाइकं कुठे मिळतील?

प्रश्न थोडक्यात असा: इंदुरात दोघांनी मिळून छोट्या ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी सॉफ्टवेअर तयार केलं आहे. बिल्टी (माल गाडीत घेतल्याची ट्रान्सपोर्टवाल्याची पावती), ई-वे बिल (माल नेताना जीएसटी पोर्टलवर बनवायचा कागद) आणि भाड्याची उधारी त्यात एका जागी दिसते. फेसबुक, टेलिग्राम, व्हॉट्सॲपच्या मिळतील त्या ग्रुपांत लिंक टाकून झाली. काही ठिकाणी ॲडमिनने ती काढली, काही ठिकाणी अंगठे आले, पैसे देणारं कुणी आलं नाही. जाहिरातीला पैसे नसताना ऑनलाइन समूहांतून पहिली दहा गिऱ्हाइकं मिळतील का?

मिळतील, आणि या धंद्यात तर इतरांपेक्षा लवकर. ट्रान्सपोर्टचं काम दिवसभर फोनवर चालतं, त्यामुळे माणूस अडला की मदतही फोनवरच मागतो. तुम्ही लिंक टाकत होता तेव्हा त्याच ग्रुपांत लोक आपली अडचण स्वतःच्या शब्दांत लिहीत होते. त्या ओळी शोधायच्या, सगळ्यांसमोर नीट उत्तर द्यायचं, मग एकेकाशी वेगळं बोलायचं. काम एवढंच आहे, पण प्रत्येक पायरीवर चुकायच्या जागा आहेत.

सुरुवात गिऱ्हाईक ठरवण्यापासून करा, कारण ‘छोटे ट्रान्सपोर्टवाले’ असं एक गिऱ्हाईक नसतंच. दोन ट्रक असलेला मालक दलालाकडून भाडं उचलतो, बिल्टी तो फाडतच नाही. मोठ्या कंपनीकडे स्वतःची यंत्रणा असते. तुमचं सॉफ्टवेअर ज्याच्या कामाचं आहे तो माणूस म्हणजे लोहामंडी, देवास नाका किंवा ट्रान्सपोर्ट नगरातलं बुकिंग ऑफिस: रोज पंधरा ते पन्नास बिल्ट्या, एक मुनीम, एक-दोन ठरलेले मार्ग, गाड्या बहुतेक भाड्याच्या, हिशेब टॅलीत किंवा वहीत. या ऑफिसात दोन माणसं आहेत आणि त्यांची दुखणी वेगळी आहेत. मुनिमाला एकच पत्ता आणि जीएसटी नंबर तीन ठिकाणी टाइप करावा लागतो. मालकाला पार्टीकडून पोच, म्हणजे माल मिळाल्याची सही केलेली पावती, येत नाही, पोच नाही म्हणून बिल निघत नाही, बिल नाही म्हणून भाडं अडकतं. वापरणार मुनीम, पैसे देणार मालक. ऑनलाइन हे दोघे वेगवेगळ्या ठिकाणी बोलतात, आणि बहुतेक जण नेमकं इथेच गल्लत करतात.

मुनीम आणि अकाउंटंट यूट्यूबवर सापडतात. ‘ई-वे बिल कैसे बनाएं’ छापाच्या हिंदी व्हिडिओंखालच्या कॉमेंट ‘नवीन आधी’ अशा क्रमाने लावा आणि वाचत बसा. ‘सर पार्ट बी में गाड़ी नंबर गलत चला गया’, ‘ट्रांसपोर्टर आईडी डाला है फिर भी नहीं दिख रहा’ अशा ओळी तिथे सतत येत असतात. दुसरी जागा प्ले स्टोअर. तुमच्यासारख्या ॲपांच्या एक आणि दोन ताऱ्यांच्या समीक्षा वेगळ्या करून वाचता येतात. तिथला माणूस असलं ॲप शोधतो, बसवतो, वैतागतो आणि वर तसं लिहूनही ठेवतो. मालक मात्र मार्गावार व्हॉट्सॲप ग्रुपांत आणि ट्रकवाल्यांच्या फेसबुक ग्रुपांत असतो.

‘रिटर्न लोड’चे, म्हणजे परतीच्या गाडीला माल शोधण्याचे, ग्रुप वेगळे ओळखा. ‘इंदौर से भिवंडी, ९ टन, अर्जेंट’ अशा मेसेजांच्या पुरात तिथे बाकी काही वाचलं जात नाही. तरी इंदुरातून रोज माल कोण लावतो, म्हणजे बुकिंग ऑफिसं कोणती, हे कळायला ते ग्रुप उपयोगी आहेत. तिथले फोन नंबर मात्र भाड्यासाठी दिलेले असतात. त्यांवर सॉफ्टवेअरचे मेसेज पाठवायला लागलात तर ग्रुपमधून काढतील आणि लोक नंबरही ब्लॉक करतील.

इंदूरच्या मराठी माणसाला इथे एक फायदा आहे, आणि तो फारसा कुणी वापरत नाही. शहरातला ट्रान्सपोर्टचा व्यवहार हिंदीत चालतो, पण इथून भरलेली कितीतरी गाडी भिवंडी, नाशिक, जळगाव, चाकणला उतरते. पलीकडच्या ऑफिसातला माणूस मराठीत विचारतो, मराठीत तक्रार करतो. त्याच बिल्टीचं दुसरं टोक त्याच्या हातात असतं: माल उतरला का, पोच परत पाठवली का, ‘टू पे’चं, म्हणजे माल घेणाऱ्याने द्यायचं, भाडं वसूल झालं का. इंदूरच्या ग्रुपात हिंदीत आणि महाराष्ट्राच्या ग्रुपात मराठीत, स्थानिक शब्द वापरून उत्तर देणारा माणूस दोन्हीकडे ओळखीचा होतो. पुस्तकी मराठी टाळा. ‘मालवाहतूक पावती’ लिहिलंत तर वाचणारा पुढे जाईल, ‘बिल्टी’ लिहिलंत तर थांबेल.

आपल्या मराठी मंडळांच्या, सोसायटीच्या, सानंद या इथल्या संस्थेच्या नाटकांमुळे जमलेल्या ग्रुपांबद्दलही सांगायला हवं. तिथे विक्री करू नका. ओळखीपोटी कुणी सॉफ्टवेअर घेतलं तर तो पैसे देईल, वापरणार नाही आणि भिडेखातर सांगणारही नाही. तुम्हाला वाटेल एक गिऱ्हाईक झालं, आणि त्या भरवशावर पुढचे निर्णय चुकतील. त्या ग्रुपांत एकच नेमकी गोष्ट मागा: ‘देवास नाक्यावरच्या ट्रान्सपोर्टवाल्यांचं जीएसटीचं काम करणारे सीए किंवा अकाउंटंट कुणाच्या ओळखीत आहेत का?’ असा एक अकाउंटंट भेटला तर त्याच्यामागे अनेक फर्म असतात, आणि कोणाचा हिशेब कुठे तुंबतो हे त्याला मालकापेक्षा जास्त ठाऊक असतं.

आता शोध. दोन आठवडे काहीही पोस्ट न करता फक्त ओळी गोळा करा. एक साधं शीट पुरे: तारीख, ठिकाण, वाक्य जसंच्या तसं, लिहिणारा मालक की मुनीम की अकाउंटंट, आत्ता तो काय करून वेळ मारून नेतो, आणि त्यात पैसे किंवा गाडी अडकली होती का. शोधताना तुमच्या सॉफ्टवेअरचं नाव-गुण टाकू नका, अडलेल्या माणसाचे शब्द टाका: ‘एक्सपायर हो गया’, ‘गाडी रोक ली’, ‘पोच नहीं आई’, ‘बिल्टी बुक’, ‘एक्सेल में’. फेसबुक ग्रुपांत आतला शोध चालतो. व्हॉट्सॲपमध्ये वरच्या चौकटीत शब्द टाकला की सगळे ग्रुप एकदम धुंडाळता येतात. सदस्यांची यादी उतरवून घेणं, नंबर गोळा करणं टाळा. ते कायद्यातही बसत नाही आणि ग्रुपच्या नियमांतही.

साधारण शंभर ओळी झाल्या की त्यांचे ढीग करा. ‘कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?’ असं विचारणाऱ्यांकडे सगळे आधी धावतात, पण त्यांतले बरेच नुसते चौकशी करणारे असतात. त्यांच्यापेक्षा वरच्या दर्जाचा माणूस म्हणजे ज्याची गाडी किंवा रक्कम नुकतीच अडकली तो. आणि सगळ्यांत वर, ज्याने स्वतःच काहीतरी जुगाड केलं आहे तो. एक्सेलमध्ये बिल्टीचा नमुना बनवलेला, पोचेचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवणारा, उधारीसाठी वेगळी लाल वही ठेवणारा. तो आधीच वेळ खर्च करतो आहे, म्हणून पैसेही खर्च करेल. असे दहा-पंधरा लोक मिळाले तर तुमची पहिली यादी तयार आहे. एकही मिळाला नाही तर दुसरीकडे ग्रुप शोधण्याआधी सॉफ्टवेअर ज्या त्रासावर उभं आहे तो त्रास लोकांना खरंच होतो का, हे तपासा.

उत्तर देण्याआधी ॲडमिनला एक मेसेज करा: मी ई-वे बिलच्या कामातला आहे, प्रश्नांना उत्तरं देईन, लिंक टाकणार नाही. एवढ्याने तुम्ही फुकट्या जाहिरातवाल्यांतून वेगळे होता. मग उत्तर असं द्या की वाचणाऱ्याचं काम तिथल्या तिथे व्हावं. समजा कुणी विचारलं: गाडी धुळ्याजवळ बंद पडली, ई-वे बिल आज रात्री संपतंय, काय करू? यावर ‘आमच्या ॲपमध्ये अलर्ट येतो’ हे उत्तर वाईट आहे. चांगलं उत्तर असं: मुदत संपण्याआधी ८ तास आणि संपल्यानंतर ८ तास, एवढ्या वेळात मुदत वाढवता येते. पोर्टलवर मुदतवाढीचा पर्याय उघडा, कारण निवडा, गाडी आत्ता कुठे आहे ते ठिकाण आणि पिनकोड द्या, उरलेलं अंतर द्या. माल दुसऱ्या गाडीत भरणार असाल तर नवा गाडी नंबर द्या. वाढ त्या वेळी जो ट्रान्सपोर्टर म्हणून नोंदलेला आहे त्यानेच करायची. आणि पुढच्या वेळेसाठी: साध्या मालाला २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, म्हणजे इंदूर–भिवंडीला तीन दिवस, आणि पहिला दिवस बनवल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. हे वाचून त्याची गाडी सुटते. तुमचं नाव त्याच्या आणि आणखी पन्नास जणांच्या लक्षात राहतं. नियम बदलत असतात, म्हणून प्रत्येक उत्तराआधी सरकारी पोर्टलवर एकदा पाहून घ्या. एक चुकीचं उत्तर आणि कुणाला दंड झाला, तर त्या ग्रुपात तुमचं काम संपलं.

सॉफ्टवेअरचं नाव उत्तरात नसलं तरी ते सापडलं पाहिजे, त्यासाठी प्रोफाइल आहे. व्हॉट्सॲप बिझनेसवर नावाखाली एकच ओळ ठेवा: ‘बुकिंग ऑफिससाठी बिल्टी आणि पोचेचा हिशेब, इंदूर’. ज्याला गरज आहे तो बरोबर टिचकी मारतो.

याच्या जोडीला एक छोटं फुकट साधन बनवा. एकच पान: निघण्याचं ठिकाण, अंतर आणि ई-वे बिल बनवल्याची तारीख टाकली की मुदत कधी संपते आणि मुदतवाढीची खिडकी कधी उघडते हे दाखवणारं. लॉगिन नको, मोबाइल नंबर मागणं नको. अशा पानाची लिंक ॲडमिन क्वचितच काढतात, उलट लोक ती पुढे पाठवतात. तिथे खाली एक ओळ पुरे, ‘रोजच्या बिल्ट्यांवर हे आपोआप हवं असेल तर इथे मेसेज करा’. बनवायला एक-दोन दिवस लागतात आणि महिनाभर लिंक टाकत बसण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

खासगी मेसेज कधी करायचा? तुमच्या उत्तरावर त्याने उलट प्रश्न विचारला, किंवा आभार मानताना आपली आणखी अडचण सांगितली, तेव्हा. आधी नाही. मेसेज त्याच्याच वाक्यावर उभा हवा: ‘काल आपण पोचेबद्दल लिहिलंत. आपल्याकडे पोच ड्रायव्हर आणतो की पार्टी पाठवते? वीस मिनिटं बोललो तर बरं होईल, विकायचं काही नाही, समजून घ्यायचं आहे.’ आणि फोनवर हा शब्द पाळा. ‘असं सॉफ्टवेअर आलं तर घ्याल का?’ हा प्रश्न पूर्ण वर्ज्य. इंदूरचा माणूस तोंडावर नाही म्हणणार नाही, ‘हाँ भैया, बिलकुल’ म्हणेल, आणि त्याला काही अर्थ नसतो. घडलेलं विचारा: मागच्या महिन्यात किती पोच अडकल्या? त्यातली सर्वांत मोठी रक्कम किती होती? ती शेवटी कशी सुटली? हे काम कोण करतं, दिवसातला किती वेळ जातो? याआधी कोणतं सॉफ्टवेअर घेऊन सोडलंत, का सोडलंत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तीन-चार जणांनी सारखं दिलं तर पुढचे दोन आठवडे त्यावरच घालवा.

वेळेचंही भान ठेवा. बहुतेक बुकिंग ऑफिसांत संध्याकाळी माल येतो आणि रात्री गाड्या सुटतात, त्यामुळे पाच ते नऊमध्ये केलेला फोन फुकट जातो. सकाळी अकरा ते एक बरी वेळ. अकाउंटंटांना महिन्याच्या ७ ते २० तारखांत गाठू नका. दरमहा विवरण भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ची मुदत ११ तारखेला आणि ३-बीची २० तारखेला असते. २१नंतर ते निवांत बोलतात. आणि बिल्टीची नवी मालिका बहुतेक जण १ एप्रिलला सुरू करतात, म्हणून पूर्ण बदल करायला तयार असलेला मालक जानेवारी-फेब्रुवारीत पक्का करावा लागतो. तोवरची गिऱ्हाइकं एका मार्गापुरती सुरू करा, बाकी मार्ग जुन्या वहीत राहू द्या.

दाखवताना नमुन्याचा डेटा वापरू नका. आदल्या दिवशी त्याच्या पाच बिल्ट्यांचे फोटो मागवा, त्या आधीच भरून ठेवा आणि त्याच्याच पार्टीचं नाव स्क्रीनवर दिसू द्या. इथे छपाईचा मुद्दा येतो आणि बरेच सौदे यावरच मोडतात. अनेक ऑफिसांत आजही डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि आधी छापून घेतलेली कार्बनची बिल्टी आहे: एक प्रत माल पाठवणाऱ्याची, एक घेणाऱ्याची, एक ड्रायव्हरची, एक ऑफिसची. छापखान्यातून आणलेले गठ्ठे कपाटात पडलेले असतात. तुमचं सॉफ्टवेअर फक्त ए-फोर कागदावर पीडीएफ काढत असेल तर मुनीम पहिल्याच दिवशी ते बंद करेल. त्याच्या छापील बिल्टीवर अक्षरं नेमक्या रकान्यांत पडली पाहिजेत, त्यासाठी प्रत्येक गिऱ्हाइकाकडे जाऊन मिलिमीटरात मापं घ्यावी लागतात. पहिल्या दहांसाठी हे स्वतः करा. टॅलीतून पार्ट्यांची यादी एक्सेलमध्ये काढून भरून देणंही तुमच्याकडेच ठेवा.

पैसे लवकर मागा. सात दिवस चालवून बघू द्या, त्याच्याच डेटावर, आणि आठव्या दिवशी तीन महिन्यांचे एकदम घ्या. महिना पाचशे ते हजारच्या दरम्यानची रक्कम बुकिंग ऑफिसला जड नाही, यूपीआयवर जागीच मिळते. ‘आधी लोक येऊ देत, मग पैसे लावू’ हा विचार करू नका: फुकट वापरणारा माणूस तक्रारही करत नाही, आणि तुम्हाला तक्रारच हवी आहे. भीती घालवायची असेल तर सूट देण्यापेक्षा तीस दिवसांत पैसे परत करण्याचं लेखी द्या. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नसते, साधं बिल चालतं. पण दर सांगताना ‘कर वेगळा’ असं आत्ताच म्हणून ठेवा, म्हणजे नोंदणी झाल्यावर १८ टक्के वाढले तर वाद होणार नाही.

बिघडतं कुठे? घाईत मोठ्या प्रमाणावर मेसेज पाठवण्यात. बाजारात मिळणाऱ्या बल्क पाठवण्याच्या साधनांनी व्हॉट्सॲप नंबर बंद पडतो, आणि त्याच नंबरवर गिऱ्हाइकांचा सपोर्ट चालू असेल तर सगळंच थांबतं. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण घेता येतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. तो अडथळा नसून सोयच आहे: ज्याने नंबर जपला तोच तुमचा. दुसरं, ॲडमिनला पैसे देऊन पिन केलेली पोस्ट. त्यावरून आलेल्यांत सॉफ्टवेअर विकणारे दुसरेच जास्त असतात. तिसरं, पहिल्या गिऱ्हाइकाने मागितलेली प्रत्येक गोष्ट बनवणं. एकाला टायरचा हिशेब हवा, दुसऱ्याला डिझेलचा. तीन वेगळ्या ऑफिसांनी आपणहून मागेपर्यंत वहीत लिहून ठेवा.

रेडिट, हॅकर न्यूज, प्रॉडक्ट हंट या चर्चेच्या आणि नवी सॉफ्टवेअरं दाखवण्याच्या परदेशी साइटांबद्दलही विचारलं जातं. बुकिंग ऑफिसचा मालक तिथे नाही, म्हणून या सॉफ्टवेअरसाठी तिकडे वेळ घालवू नका. गिऱ्हाईक स्वतः प्रोग्रामर किंवा परदेशातली छोटी कंपनी असेल तर गोष्ट वेगळी. रेडिटवर नव्या खात्याची पोस्ट अनेक समूहांत आपोआप अडते, म्हणून आधी काही आठवडे उत्तरं द्यावी लागतात. हॅकर न्यूजच्या ‘शो’ विभागात वापरून बघता येईल अशीच वस्तू चालते आणि मित्रांकडून मतं मागणं नियमाविरुद्ध आहे. प्रॉडक्ट हंटवर नव्या वस्तूंची यादी रोज वेगळी लागते आणि तिथला दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेने बदलतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबाराच्या आणि हिवाळ्यात दीडच्या सुमारास.

दर शनिवारी चार आकडे लिहा: दिलेली उत्तरं, त्यावर आलेले उलट प्रश्न, झालेले फोन, मिळालेले पैसे. उत्तरं भरपूर आणि उलट प्रश्न नाहीत, तर तुम्ही चुकीच्या ग्रुपात आहात किंवा उत्तर फार मोघम आहे. प्रश्न येतात पण फोनपर्यंत कुणी येत नाही, तर बोलणारा मुनीम आहे. मालकाशी जोडून द्यायला सांगा. फोन होतात पण पैसे नाहीत, तर बहुतेक वेळा छपाई किंवा जुना डेटा हे कारण असतं, दर नसतो. दर कमी करण्याआधी ते विचारा. आणि पैसे दिलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात बिल्ट्या टाकायचा थांबला तर मेसेज न करता सरळ ऑफिसात जा. बहुतेक वेळा मुनीम सुट्टीवर गेलेला असतो आणि दुसऱ्याला शिकवलेलं नसतं. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक ऑफिसात दोघांना शिकवा.

पाचवं-सहावं ऑफिस नीट चालू लागलं की त्या मालकाला विचारा, तुमचा माल भिवंडीत किंवा जळगावात कोणाकडे उतरतो? त्या ऑफिसाला पोचेचा फोटो चढवण्यापुरतं फुकट खातं द्या. इकडच्या मालकाची पोच लवकर येते, तिकडचा माणूस रोज तुमचा स्क्रीन बघतो, आणि त्याच्या मार्गावरच्या मराठी ग्रुपात तुमचं नाव तुम्ही न टाकताच निघतं. तिथे कुणी ‘हे कोणाचं आहे?’ विचारलं की त्याच दिवशी फोन करा, आणि सुरुवात पुन्हा त्याच प्रश्नापासून करा: मागच्या महिन्यात किती पोच अडकल्या?